इलाहीची तलफ

शिवलिंगची कुस्ती ऐन रंगात आली आणि कडेला बसलेल्या इलाही पैलवानाला तलफ उठली. गुडघा मोडल्यावर दुखण्याची इंजेक्शनं घेता घेता त्याला त्यांचंच व्यसन लागलं होतं. आता उपचार चालू होते. एकमेकांचा त्रास वाटून घ्यायची दवाखान्याची टिकली हल्ली सगळ्यांच्याच मानेवर असायची, तशी त्याच्याही मानेवर चिकटवलेली होती. तलफ आली की टिकली ती तालमीतल्या गड्यांच्या टिकल्यांत वाटून टाकायची. एकेकाला जरा घाम, दोनचार जांभया, आणि इलाही मोकळा!

पण त्या गड्यांत शिवलिंगही होता. इलाहीनं टिकली बंद केली. अंगाला कापरं भरलं आणि पाय आपोआप इंजेक्शनवाल्याच्या घराकडं वळले.

वस्तादांनी मागनं सदरा धरला. "एकटाच खातोस व्हय रं, हावऱ्या?"

"वस्ताद, शिवा हरंल की!"

"मग वाटेकरी वाढवू!" वस्तादांनी माईक हिसकावला. "मंडळी, इलाहीची तलफ वाटायची हाय. ज्याला पायजे त्यानं आपली टिकली दाबा!"

अख्ख्या मैदानानं दाबली. पंचांनी, भेळवाल्यानं, बंदोबस्ताच्या पोलिसांनीसुद्धा. शिवलिंगला खाली दाबून बसलेला सांगलीचा पैलवान वरनं ओरडला, "मलाबी धरा की!"

इलाहीनं टिकली चालू केली. सगळ्या मैदानानं एकदम अशी जांभई दिली की मंडप फुगला. सांगलीकराचा जबडा वासला आणि पकड सुटली. शिवलिंगला मात्र इलाहीच्या जांभया देत कुस्ती खेळायची सवयच होती. त्यानं जांभई देता देताच गड्याला अस्मान दाखवलं.

मग तो धावत आला आणि इलाहीला खांद्यावर घेत म्हणाला, "पैलवान, उद्यापास्नं माझा वाटा दुप्पट!"