वॉचमन आडवा झाला

“अहो ताई, धावा, धावा! वॉचमन आडवा झालाय!”

सलूनवाल्या काकांची हाक ऐकून तबेला सांभाळणाऱ्या ताई हातातली बादली तिथेच टाकून पळत आल्या. काका पेंढ्यात फतकल मारून बसले होते आणि घोड्याचं भलंथोरलं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. काकांचा चेहरा नुसता फुलला होता.

“हळू बोला, डोळा लागलाय त्याचा,” इतका वेळ गळा फाडून ओरडणारे काकाच म्हणाले.

वॉचमन हे नाव त्यांनीच ठेवलेलं. वीटभट्टीवरून सोडवून आणल्यापासून हा घोडा दिवसरात्र उभाच. झोपायचा तोही उभ्याउभ्या, पाठ भिंतीला लावून. घाबरलेला घोडा जमिनीला अंग टेकत नाही, हे काकांना इथे येऊ लागल्यावर कळलं. आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं. सलूनच्या दर सुट्टीला यायचं, खरारा करायचा, आयाळ विंचरायची आणि गिऱ्हाइकाशी माराव्यात तशा त्याच्याशी गप्पा मारायच्या. “बस की रे बाबा जरा! आमच्याकडे येतो तो माणूस आधी खुर्चीत बसतो, मग बोलतो. तू कोण लागून गेलास एवढा?” आज तो बसला होता. बसला काय, चांगला पसरला होता.

ताईंनी कपाळाला हात लावला. “काका, तुम्हाला सांगायचं राहिलंच हो.”

“काय?”

“त्याची कंबर गेलीये. मागच्या पायांत उठायचं बळच नाही. उभा होता तोवर होता. हा कधी निवांत पडेल असं आम्हाला कुणाला वाटलंच नव्हतं.”

काकांना आधी ती थट्टा वाटली. मग वॉचमननेच उठायला बघितलं. पुढचे पाय रोवले, मान झटकली, अर्धा वर आला आणि मागून धपकन बसला. परत तेच. काकांनी त्याच्या पुठ्ठ्याला खांदा लावला, ताईंनी पोटाखालून पट्टा घातला, जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्याही पट्ट्याला लोंबकळल्या. सगळे घामाघूम झाले. घोडा जागचा हलला नाही. दुपारपर्यंत त्याने स्वतःहून धडपडणंही सोडून दिलं.

“असाच पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने आतून चेंगरत जाईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तसे हाल मी होऊ देणार नाही.” त्यांनी बॅग जवळ ओढली तेव्हा काकांना त्या काय म्हणाल्या ते कळलं, आणि त्यांनी बॅगेवर हातच ठेवला.

“काहीतरी असेलच की हो बाई. काहीतरी करा!”

“एकच राहिलंय. घाबरवायचं. भ्यालेला घोडा कुठून कुठून ताकद आणतो आणि उठतो.”

ताईंनी पत्र्याचा डबा आणून कानाशी बडवला. वॉचमनने एक कान हलवला, काकांकडे बघितलं आणि डोकं पुन्हा खाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी काठी आपटली. त्याने त्यांना भीकही घातली नाही.

“तुम्ही इथे आहात ना, काका,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “मग तो कशाला कुणाला भितोय? आता तुम्हीच उगारा.” त्यांनी काठी पुढे केली.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“मग मी इंजेक्शन भरते.”

काकांनी काठी हिसकावूनच घेतली. पहिला फटका इतका हळू बसला की ताईंनी तोंड फिरवलं. “असं नाही, काका. खरं मारा.” काकांनी दात आवळले आणि खरं मारलं. मानेवर वळ उठला. त्यांनी घोड्याची आयमाय काढली, जन्मात कुणाला दिल्या नसतील त्या शिव्या दिल्या, आणि देता देता ढसाढसा रडायला लागले.

“ऊठ, हरामखोरा! ऊठ! घाबर ना रे मला!”

काठी पुन्हा वर गेली. वॉचमनने मान लांब केली, हनुवटी काकांच्या पावलावर टेकवली आणि डोळे मिटून घेतले.