पाय की कान?

"मसूर," डोळे मिटून आन्सगार म्हणाला.

"बरोबर." त्याच्या बायकोने, विबकेने, घमेलं खाली ठेवलं आणि दुसरं उचलून त्याच्या पायांखाली धरलं. तो टेबलावर पाय सोडून बसला होता.

"वाळू."

"हेही बरोबर!"

स्वयंपाकघरात चार घमेली मांडली होती. मसूर, वाळू, जवस आणि चेरीच्या बिया. बियांसाठी विबकेने अशाच बियांनी भरलेली, तापवून अंथरुणात ऊबेला घ्यायची उशीच उसवली होती. केमोनंतर आन्सगारचे पाय बधिर झाले होते. रोज पायांना असं काहीबाही टोचत ठेवा, नसा जाग्या होतील, असं फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं. महिना झाला, दोघं नेमाने करत होती. परवा नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिला. गेली एकतीस वर्षं त्या दिवशी चर्चचा ऑर्गन आन्सगारच वाजवत आला होता, हातांनी आणि पायांनी. मागच्या रविवारी मात्र पायाखालच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या. अख्खं चर्च दचकलं आणि याच्या पायाला पत्ताच नाही! सगळं ओळखलंस तर वाजव, नाहीतर मी पाद्रीबाईंना फोन करून दुसरा माणूस बघायला सांगते, असं विबकेने बजावलं होतं.

"जवस."

"अरे वा, जाग्या झाल्या की नसा!" विबकेने घमेलं खाली ठेवलं. "मग माझ्या पायावर पाय देतोस, तेव्हा बरं कळत नाही तुला?"

आन्सगार हसला नाही. तो गोंधळला होता. जवस आधी पायाला लागला की कानाला? मसूर खुळखुळते, वाळू सरसरते. ज्याचा जन्म सुरांत गेला त्याला एवढंही ऐकू येणार नाही? उरल्या होत्या फक्त चेरीच्या बिया; गप्प बसला असता तर रविवार पदरात पडलाच होता. पण ते त्याच्या जिवावर आलं.

"कापूस दे. कानात घालतो. मग कुठलंही घमेलं घे, मला सांगू नकोस."

"आता हे कसलं नवीन खूळ?"

"दे गं."

कापूस कोंबल्यावर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही थांबली. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. विबके रागावली असेल. फोनकडेच गेली असेल का?

"अगं, आण ना लवकर!" तो ओरडला. "किती वेळ बसवणार आहेस?"

काहीच होईना, तेव्हा त्याने डोळे उघडले. त्याचे पाय घोट्यापर्यंत चेरीच्या बियांत होते. विबके घमेलं मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती आणि बियांत हात खुपसून त्याच्या पायाची बोटं घट्ट दाबत होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिचे ओठ हलले. आन्सगारने कानातला कापूस काढला नाही.