किराण्यातली बचत

सालवडला एका खोलीत संसार करणारी भाविका सात महिने किराण्यातून पैसे वाचवत होती. ती वर्तमानपत्रातली कुपनं कापून ठेवायची, ऑफर लागली की मगच तेल आणायची आणि आठवडाभराचं जेवण आधी ठरवूनच बोईसरच्या बाजारात पाऊल टाकायची. पालघरच्या नर्सिंग कोर्सच्या फीपुरते पैसे साठले, तसे रविवारी सकाळी तिने ते नवऱ्यापुढे ठेवले.

"किराण्यातनं वाचवले हायत. आता कोर्सला जाऊ ना मी?"

दर्पण नोटांकडे बघतच राहिला. बायकोच्या कौतुकाने त्याचा ऊर भरून आला. त्याने लगेच नवापूरला आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, बाबांना आता बोटीवर जाववत नाय ना? मग तुमी दोघं इकडंच या राहायला. भाविका एवढ्याशा पैशांत घर चालवते. आणखी दोन माणसं तिला जड नाय."

पलीकडे सासूला रडूच फुटलं. "भाविका, खरंच येऊ ना गो आमी?"

दर्पण हसत तिच्याकडे बघत होता.

"या ना, आई," भाविका म्हणाली.