कोठडीची साक्ष

भिंतींनी ऐकलेलं वदवून घेणारं यंत्र तंत्रज्ञाने जुन्या कोठडीच्या भिंतीला लावलं. बेचाळीसच्या लढ्यात इथे डांबलेल्या पणजोबांचा आवाज उद्या त्यांच्या पुतळ्यापाशी ऐकवून रणधीरला आमदारकीचं तिकीट पटकावायचं होतं. फेटा तर आजच बांधून आला होता, जणू कोठडीत हाच सडला होता. त्याची बहीण केतकी तोंड फिरवून उभी होती.

आधी काठीचे फटके ऐकू आले, मग किंकाळ्या. शेवटी पणजोबांचा रडवेला आवाज आला, "मारू नगा, सांगतो." पाठोपाठ साथीदारांची नावं.

केतकीचे डोळे भरून आले.

रणधीरने मिशी कुरवाळली. "नावं उडवा हो. किंकाळीनंतर 'वंदे मातरम्' टाका, दणक्यात!"

"दादा," केतकी म्हणाली, "पणजोबा फुटले ते एवढा मार खाऊन. तुला तर कुणी बोटही लावलं नाही."