उरलेला चौकोन

वयाच्या सत्तरीनंतर पुन्हा शाळा सक्तीची झाली होती. निवृत्त शिक्षक उंबरजे सरांचा आज विद्यार्थी म्हणून वर्गातला पहिला दिवस. बाकावरचा पर्याय-फलक मन वाचायचा. ज्याची ओढ, तो चौकोन उजळायचा. 'नाटक बसवा' लखलखलं. सरांनी हौसेने बोट टेकवलं, तसं ते विझलं. मग 'चित्र काढा' विझलं, मग 'बागेत फिरा'. उरलं फक्त 'धडा उतरवा'.

"बाई, फलक बिघडलाय."

"मीच ते चौकोन बंद केलेत," हर्षदाबाई म्हणाल्या. "चौथीत माझ्याही फलकावर नाटक असंच उजळायचं. तुम्ही रोज विझवायचात. 'हिच्या कुवतीला उतारे पुरे,' म्हणायचात, सगळ्या वर्गासमोर."

सरांनी आता तिला ओळखलं. "हर्षदा, चुकलं माझं. माफ कर."

"तो पर्याय फलकावर नाही, सर. उतरवा धडा."