वय वर्षे चार ते सहा

पांढरा खडू पांढऱ्या कागदावर उमटत नाही, हे ध्यानात यायला काकूंना अर्धा खडू झिजवावा लागला. तेवढ्यात देखरेखीवरची ताई दोनदा वळून बघून गेली. दोन्ही वेळा काकूंनी खडू मुठीत दडवला आणि खिडकीबाहेर काहीतरी फार बघण्यासारखं असल्याचा चेहरा केला. खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती.

कागद काकांचा होता. त्यावर बर्फाचा माणूस होता. टोपी, मफलर, गाजराचं नाक. वर छापलं होतं, 'रंग भरा', आणि त्याखाली, 'वय वर्षे चार ते सहा'. ही दुसरी ओळ संस्थेने रहिवाशांचा मान राखण्यासाठी काळ्या मार्करने खोडली होती. कागद उजेडासमोर धरला की ती वाचता येत असे, आणि काकूंनी तो धरला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये 'हिवाळी कार्यशाळा' चालू होती. टेबलांवर कापूस, डिंक, बोथट कात्र्या. शेजारच्या टेबलावर एका निवृत्त न्यायाधीशांनी कागदी हिमकण घडीच्या बाजूनेच कापल्यामुळे त्याचे दोन तुकडे झाले होते. ते दोन्ही तुकडे पुरावा म्हणून जपून ठेवत होते. कोणी हसलं नाही, कारण हा खेळ नव्हता. दर तीन महिन्यांनी ताई असे कागद तपासायची. ज्यांना जमलं ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. ज्यांना नाही ते तिसऱ्यावर.

तिसऱ्या मजल्याचं दार फक्त बाहेरून उघडायचं. तिथे घरच्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटता येत असे. इथे काकू रोज दोनला यायच्या आणि पाचपर्यंत काकांच्या शेजारी बसायच्या. काका बोलायचेच असं नाही. लग्नानंतर बेचाळीस वर्षं ते फारसे बोललेच नव्हते, त्यामुळे विस्मरणाचा आजार नेमका कधी सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगताना काकूंची पंचाईत झाली होती.

मागच्या खेपेला काकांच्या कागदी घराला छप्पर चिकटवायचं राहिलं आणि फॉर्मवर 'अपूर्ण' असा शेरा पडला. आणखी एक 'अपूर्ण' म्हणजे सरळ वर.

आज काकांनी टोपी काळी केली, मफलर लाल, नाक केशरी. नोकरीभर नकाशे काढलेला हात. रंग रेषेला टेकला होता, पण ओलांडून गेला नव्हता. मग त्यांनी खडू डबीत ओळीने लावले, कागदाची कड टेबलाच्या कडेशी जुळवली आणि हाताची घडी घालून बसले.

अख्खा बर्फाचा माणूस कोरा.

"अहो, एवढा मोठा भाग राहिलाय," काकू कुजबुजल्या.

काका समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. दहा मिनिटं उरली होती. पांढरा खडू तर उमटेना. बर्फात निळसर झाक असतेच, असा विचार करून काकूंनी फिकट निळा उचलला आणि घाईघाईने ओढायला लागल्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे."

"तुम्ही गप्प बसा हो. मला करू द्या."

एरवी गप्प बसा म्हणायची कधी गरज पडली नव्हती. काका गप्प बसले.

ताई आली. वयाने नातीएवढी, पण तिथे सगळ्यांचीच ताई. तिने कागद उचलला.

"वा! टोपी काय सुरेख केलीय. मफलर बघा, नाक बघा." मग तिचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की हॉलमधले लोक आपापले कागद जवळ ओढायचे. "आणि मग एकदम हे जांभळं. सगळं रेषेबाहेर."

"जांभळं?" काकूंनी डोळे बारीक केले. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू अजून पिकतच होते.

"आमच्या नमुन्याच्या कागदात कोरंच आहे ना, बर्फ म्हणून. काकांना इथवर कळत होतं." तिने बोट नाकापासून पोटापर्यंत हळूच खाली आणलं. "इथून पुढे नाही."

"ताई, ते मी केलंय! ही बघा माझी बोटं. यांची बघा, स्वच्छ आहेत."

ताईने खिशातून ओला टिश्यू काढला आणि काकूंची बोटं एकेक करून पुसली, रहिवाशांची पुसायची तशीच. "घरचे असंच म्हणतात, काकू. परवा एक मुलगा म्हणाला, बाबांचं पेंग्विन मीच फाडलं. तुम्ही त्रास नका करून घेऊ. वरही छान आहे, उजेड भरपूर येतो."

तिने फॉर्मवर सही केली, कागद टेबलावर ठेवला आणि ती न्यायाधीशांकडे वळली.

काका कागदाकडे बघत होते. त्यांनी खोडरबर घेऊन जांभळ्यावर घासला. मेणाचा रंग तो, नुसता पसरला.

"बर्फ कोरा सोडतात," ते म्हणाले. "नकाशात रंग देत नाहीत त्याला. राहू दे म्हटलं होतं मी."



"आधी का नाही सांगितलंत?"

काकांनी विचार केला. "विचारलं नाहीस."

मग त्यांनी कागद उलटा केला, मागची पांढरी बाजू वर घेतली, तळहाताने सपाट केली आणि टेबलाच्या कडेशी नीट जुळवून ठेवली.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."