उजवी कड

"आई, उजव्या कडेने नको, डावीकडून चला," म्हणत सुनेने सासूबाईंचा दंड धरून त्यांना जवळजवळ ओढलंच.

"अगं, हळू! गुडघा आहे माझा, बिजागरी नाही."

"दुखतोय का?"

"छे! त्याला काय धाड भरलीय?"

"दुखलं की सांगत जा, आई. किती वेळा सांगायचं?"

सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्या आपल्या पूल न्याहाळत होत्या. नव्या पादचारी पुलाचं कौतुक त्यांनी गल्लीभर करून झालं होतं. लोखंड नाही, त्यामुळे गंजायची भीती नाही. मजबूत धाग्यांचे थर राळेत भिजवून एकावर एक चिकटवलेले आणि त्यांच्या पोटात केसासारख्या बारीक तारा. कुठे ताण वाढला, चीर पडली, की सुनेच्या ऑफिसातल्या पडद्यावर लगेच लाल खूण. "माझ्या सुनेचा पूल दुखलं की बोलतो," असं त्या भाजीवाल्यालाही ऐकवायच्या.

ते ऐकलं की सुनेला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. थर दाबताना उजव्या कडेची तार तुटली होती. लक्षात येईपर्यंत राळ घट्ट झाली. तार बदलायची तर अख्खी कड उचकटावी लागली असती, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. तिने गुपचूप शेजारच्या तारेचे आकडे तुटक्या तारेच्या जागी वळवले. पडद्यावर सगळं हिरवंगार. उजव्या कडेच्या पोटात काय चाललंय ते आता कुणालाच कळणार नव्हतं. तिलाही नाही.

समोरून सासूबाईंची मैत्रीण येत होती. तिची नात पुढे उड्या मारत होती, नेमकी उजव्या कडेनेच.

"अहो, इकडून या!" सासूबाईंनी हाक मारली.

"का हो?"

"सून म्हणतेय." त्या सुनेकडे वळल्या. "का गं?"

सून पुटपुटली, "काही नाही. असंच."

सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग कठड्याला टेकून गुडघा चोळू लागल्या.

"दुखतोय गं. सकाळपासून. तू घरी बसवशील म्हणून बोलले नाही."

नात अजून उड्या मारतच होती.

"मी सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "आता तू सांग."